पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही संशोधनात घ्या: मानसशास्त्र विभागप्रमुखांना आणि संशोधकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मानसशास्त्र विभागप्रमुख, वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतले प्राध्यापक आणि मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थांमधले प्रमुख संशोधक

आदरणीय सर आणि मॅडम,

सादर नमस्कार.

मी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात, बी.ए. पुण्यात झालं. टी.वाय.ला असताना दहा महिने मी एका रुग्णालयातल्या संशोधन प्रकल्पात सहाय्यक म्हणून काम केलं. ते काम मला कसं मिळालं हे आधी सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय. होस्टेलवरच्या माझ्या रूममेटची मावशी त्या प्रकल्पात समुपदेशक होती. एका रविवारी ती भाचीसाठी डबा घेऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडे फॉर्म भरायला माणूस कमी पडतंय, तुमच्यापैकी कुणी येतं का?" मी हो म्हटलं. जाहिरात नव्हती, अर्ज नव्हता. आमच्या वर्गात निदान सात-आठ जणी अभ्यासात माझ्यापुढे होत्या. असं काही काम असतं हेसुद्धा त्यांच्या कानावर आलं नाही.

त्याआधी मी स्वतः प्रयत्न केले नव्हते असं नाही. एस.वाय.च्या सुट्टीत वीस-बावीस ईमेल पाठवले होते. दोन उत्तरं आली, दोन्हींचा सूर एकच होता: पी.जी. झाल्यावर या. मग मैत्रिणीच्या आग्रहाने एका ठिकाणी तीन हजार रुपये भरून पंधरा दिवसांची ऑनलाइन 'इंटर्नशिप' केली. आधीच रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकायची आणि शेवटी नाव घातलेलं सर्टिफिकेट डाउनलोड करायचं. ते तीन हजार वडिलांनी दूध डेअरीचं बिल आल्यावर पाठवले होते. आजही दर सुट्टीत शेकडो मुलं असे पैसे भरतात, कारण खरं काम कुठे आहे हे त्यांना कुणी सांगत नाही आणि सर्टिफिकेट मात्र सगळीकडे मागितलं जातं.

तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. पदवीच्या मुलांना क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या मानसशास्त्राच्या, संशोधनात सहाय्यक म्हणून घ्या, ते उघडपणे जाहीर करून घ्या आणि कामाचे पैसे द्या.

एक गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगते. आम्हाला कुणावर उपचार करायचे नाहीत. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मी बोलतेय ते संशोधनातल्या कामाबद्दल: माहितीची नोंद, संमतीपत्र समजावून सांगणं, प्रश्नावली वाचून दाखवणं, मुलाखती ऐकून लिहून काढणं, भाषांतर तपासणं. हे काम तुमच्याकडे आहे, ते करायला माणसं कमी पडतात, आणि आम्ही दारात उभे आहोत.

बी.ए.ला आम्हाला प्रॅक्टिकल असतं. आरशात बघून चांदणी गिरवायची, मुलर-लायरच्या दृष्टिभ्रमातल्या बाणांच्या रेषा जुळवायच्या, निरर्थक शब्दांची यादी पाठ करायची. हे प्रयोग वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, मला चांदणीचा प्रयोग फार आवडायचा. पण आमच्या कॉलेजात उपकरणं कपाटात आणि जर्नल सीनियरकडून, अशी रीत पडली होती. निष्कर्ष ठरलेला, आकडे त्याला जुळवून घेतलेले. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही ते ठाऊक असावं. म्हणजे संशोधनाशी आमची पहिली ओळख होते ती खोटे आकडे लिहिण्यातून. ज्या विषयात माणसाच्या दुःखाची मोजणी करायची, त्याची सुरुवात अशी होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रकल्पावर पहिले दोन महिने मी फक्त डेटा एंट्री केली. मधुमेहाच्या ओपीडीत येणाऱ्यांमध्ये नैराश्य किती, असा तो अभ्यास होता आणि पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरली जायची. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकच फॉर्म दोघींनी वेगवेगळा कॉम्प्युटरवर भरायचा आणि जिथे जुळणार नाही तिथे कागद काढून बघायचा. एकदा एका फॉर्मवर बेरीज ३१ आली. नऊ गुणिले तीन सत्तावीस, त्याच्या वर बेरीज जाऊच शकत नाही. कागद काढला तर घाईत कुणीतरी वयाच्या रकान्यातला आकडा धरला होता. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावून तो कागद दाखवला आणि आधीचे चाळीस फॉर्म पुन्हा तपासायला लावले. त्या दिवशी आकड्याची जी भीती आणि जो आदर मनात बसला, तो संख्याशास्त्राच्या दोन पेपरांतून आला नव्हता.

मग शेजारी बसून मुलाखती ऐकल्या, आपसांत सराव केला, आणि चौथ्या महिन्यात मला पहिली मुलाखत मिळाली. एक आजी होत्या, आमच्याच बाजूच्या, लेकाकडे पुण्याला आलेल्या. पहिला प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काम काय आनंदासाठी करत्यात व्हय बाळा? काम हाय म्हणून करायचं." भुकेचा प्रश्न आला तर, "चातुर्मास धरलाय, एकच येळ जेवते." आता हे भूक मंदावणं की व्रत? आजींना कसं विचारावं हे मला माहीत होतं, माझी स्वतःची आजी तसंच बोलते. मी प्रश्न माझ्या भाषेत फिरवून विचारायला तोंड उघडलं आणि शेजारी बसलेल्या मॅडमनी वहीवर पेन्सिलीने लिहिलं, 'जसा छापलाय तसाच.' मुलाखत संपल्यावर त्यांनी समजावलं. प्रत्येकाने आपापल्या परीने प्रश्न बदलला तर आजींची बेरीज आणि शेजारच्या खोलीतल्या काकांची बेरीज एका तराजूत ठेवता येणार नाही. तू प्रश्न छापल्याप्रमाणे वाच, उत्तर आहे तसं नोंदव, आणि आजी जे बोलल्या ते शब्दन् शब्द शेरा लिहायच्या जागेत लिही.

मी लिहिलं. महिनाभरात अशा शेऱ्यांची दोन पानं भरली. पुढे प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात मोकळ्या मुलाखती होत्या. तिथे विचारायच्या प्रश्नांत 'पूर्वी ज्यात मन रमायचं, भजन, शेजारणीशी गप्पा, नातवंडं, तिथे आता करमतं का' हा प्रश्न आला, तो त्या दोन पानांवरून. माझ्यासारख्या टी.वाय.च्या मुलीने टिपलेल्या वाक्यावरून एका अभ्यासातला प्रश्न तयार झाला. याचा मला किती अभिमान वाटतो हे मी लपवणार नाही.

सर, मॅडम, तुम्हाला आमचा उपयोग आहे तो इथेच. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आलेली मुलं तुमच्या वर्गात मागच्या बाकांवर बसलेली असतात. इंग्रजीत प्रश्न विचारायला ती बिचकतात. पण 'जीव घाबरा होतो', 'डोस्कं उठतं', 'काळजात कालवतं' यांतला फरक त्यांना शिकवावा लागत नाही. नुसता 'टेन्शन' हा शब्द घ्या. आम्ही दोघी जणी लिहून काढलेल्या दहा मुलाखतींचं वेगवेगळं वर्गीकरण करत होतो. जुळवून पाहिलं तर निम्म्या ठिकाणी आमचं पटेना. ती 'टेन्शन' दिसलं की चिंता या खणात टाकायची. मी म्हणायचे, अगं या बाई म्हणतायत 'घरात टेन्शन चाललंय', म्हणजे भांडण चाललंय. आणि तिसरीकडे 'त्याला टेन्शन झालं होतं' म्हणजे सरळ रक्तदाब. तीन दिवस आम्ही त्या एका शब्दावर बसलो आणि शेवटी नियम लिहून काढला. दुसऱ्या फेरीत आमचं बऱ्यापैकी जुळलं.

निमहान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण १०.६ टक्के आलं आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत नाहीत असं दिसलं. हे आकडे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. मराठी माणसाच्या मनाबद्दल मराठीतून माहिती गोळा करायचं काम अजून केवढं पडलंय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. दहा महिने मी त्या खोलीत बसले आहे. मॅडमचा माझ्यावर गेलेला वेळ मोजला तर त्यात त्यांचा एक शोधनिबंध झाला असता. मुलं परीक्षा आली की गायब होतात, हेही खरं. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे रुग्णाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ९९ सांगतं की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची संशोधनासाठी नुसती मुलाखत घ्यायची तरी तिची मोकळेपणाने, समजून दिलेली संमती हवी. वीस वर्षांच्या पोराच्या हाती हे सोपवायचं कसं?

शिकवून सोपवायचं. मला पहिल्या आठवड्यात तीन नियम पाठ करायला लावले होते. स्वतःच्या फोनमध्ये एकाही फॉर्मचा फोटो नाही. समोरचा माणूस ओळखीचा निघाला तर कारण न सांगता उठायचं आणि दुसऱ्या सहाय्यकाला बसवायचं. आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का या प्रश्नाला 'अजिबात नाही' सोडून काहीही उत्तर आलं, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि जागेवरून मानसशास्त्रज्ञांना फोन करायचा.

तो फोन मला एकदा करावा लागला. साधारण माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ होते. आठ प्रश्नांची उत्तरं त्यांनी पटापट दिली होती. नवव्याला थांबले, टेबलावरची केसपेपरची पिशवी नीट केली आणि म्हणाले, "येतात की. बरेच दिवस." माझा हात थरथरत होता. काही चांगलं बोलावं असं वाटत होतं, पण काय बोलायचं ते मला शिकवलेलं होतं: तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, मी आमच्या मॅडमना बोलावते, त्या येईपर्यंत मी इथेच आहे. पाच-सहा मिनिटांत मॅडम आल्या. त्यांनी गृहस्थांना आत नेलं आणि संध्याकाळी मला बोलावून अर्धा तास माझ्याशीही बोलल्या. देखरेख म्हणजे काय, ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. ती देता येणार नसेल तर मुलांना रुग्णासमोर बसवू नका, असंच मी म्हणेन. डेटा एंट्री द्या, ध्वनिमुद्रणं लिहून काढायला द्या. चाळीस मिनिटांची मुलाखत हुंकार आणि थांबणं यांसकट लिहायला मला पूर्ण दिवस लागायचा, आणि ऐकायचं कसं हे मी त्यातच शिकले.

मानसोपचारातल्या पदव्या नसलेल्या माणसांवर विश्वास टाकता येतो, हे तर आपल्याच भागाने जगाला दाखवून दिलंय. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचं समुपदेशन दिलं, ते देणारे समुपदेशक आधी मानसिक आरोग्याचं कसलंही शिक्षण न घेतलेले होते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे घडलं ते गावातल्याच, निवडून आणि शिकवून तयार केलेल्या माणसांच्या बळावर. मग ज्यांनी तीन वर्षं हाच विषय अभ्यासलाय, त्यांना फॉर्म भरण्याइतकंही लायक समजू नये, हे मला पटत नाही.

डॉक्टर होणाऱ्या मुलांसाठी आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, १९७९ पासून अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना चालवते. दोन महिने, एक मार्गदर्शक, एक छोटा अभ्यास आणि विद्यावेतन. ती एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठी आहे. त्याच रुग्णालयाच्या त्याच वॉर्डात आमचं बी.ए.चं मूल मात्र पैसे भरून 'निरीक्षक' म्हणून उभं राहतं.

आता नवीन शैक्षणिक धोरणाकडे या. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ ला आणि बाकीच्यांत २०२४-२५ ला लागू झालं. त्यात पदवी चार वर्षांची करता येते, म्हणजे चौथ्या वर्षाची पहिली मुलं २०२६-२७ पासून. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येईल, त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. ही मुलं त्या प्रकल्पापर्यंत कोणत्या तयारीने येणार आहेत? खऱ्या अभ्यासाचा एक कागदही हाताळला नसेल तर काय होईल ते आम्ही आत्ताच एम.ए.ला बघतोय. गूगल फॉर्म करायचा, वर्गातल्या आणि होस्टेलच्या मैत्रिणींना पाठवायचा, साठ उत्तरं आली की 'तरुणांमधील चिंतेचा अभ्यास' बांधून द्यायचा. मीसुद्धा पहिल्या सत्रात हेच केलं. मार्गदर्शकांना दोष देत नाही, एकेका प्राध्यापकाकडे पंचवीस-तीस प्रबंध असतात. पण टी.वाय.ला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक आहेत, म्हणजे साधारण १२० तास. विभागप्रमुखांनी हे तास एखाद्या चालू संशोधनाशी जोडले, तर वेगळी व्यवस्था उभी करायची गरजच पडत नाही.

पैशांबद्दल बोलताना आपल्याकडे सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, म्हणून मीच बोलते. बिनपगारी काम ज्याला परवडतं त्यालाच अनुभव मिळतो. मग पुढे निवडीच्या वेळी त्यालाच अनुभवी म्हणून घेतलं जातं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमाच्या जागा मुळात थोड्या आणि अर्ज पुष्कळ. मला महिन्याला प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळायचं, त्यावर माझी मेस भागायची. ते नसतं तर दुसऱ्या महिन्यात मी काम सोडलं असतं, माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहितानाच पदवीच्या दोन सहाय्यकांचं मानधन त्यात धरा. आणि जिथे अनुदानच नाही, तिथे कमवा आणि शिका योजना आहे की. मी एफ.वाय.ला त्या योजनेत कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली आहेत, तासाप्रमाणे पैसे मिळायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव असलेल्या या योजनेत बागकाम बसतं, ऑफिसातलं काम बसतं, तर आपल्याच विभागातल्या संशोधनाचं नोंदीचं काम का बसू नये? विद्यापीठाने एक परिपत्रक काढलं की झालं.

अजून एक गोष्ट, छोटी आहे पण मनाला लागते. आमच्याबरोबर काम केलेल्या एका मुलाने जवळपास दीडशे फॉर्म भरले होते. निबंध छापून आला तेव्हा आभारातही त्याचं नाव नव्हतं. मुद्दाम नव्हे, राहून गेलं. त्याने कुणाला विचारलंही नाही. लेखक म्हणून नाव कधी लागतं आणि आभारात कधी, हे कामाला सुरुवात करतानाच मुलांना सांगा, लिहून द्या.

जूनमध्ये नवं वर्ष सुरू होतंय. वेळ वाचावा म्हणून नोटिशीचा मसुदा मीच लिहून देते. विभागाच्या फलकावर लावा, आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कॉलेजांनाही पाठवा.

"आमच्या विभागात चालू असलेल्या संशोधनासाठी संशोधन सहाय्यक (पदवी स्तर) हवे आहेत. जागा २. मानसशास्त्राच्या द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अर्ज करावा. आठवड्याला ८ तास, जुलै ते मार्च, परीक्षेच्या काळात सुट्टी. काम: माहितीची नोंद, मुलाखतींचं लेखन, प्रशिक्षणानंतर प्रश्नावली भरून घेणं. पहिले दोन आठवडे प्रशिक्षण, त्याचेही पैसे मिळतील. मराठी उत्तम बोलता-ऐकता येणं आवश्यक. इंग्रजी संभाषणाची अट नाही. पूर्वानुभवाची गरज नाही. कोणतंही शुल्क नाही. मानधन तासाला ____ रुपये. अर्ज मराठीत केला तरी चालेल."

रकमेची जागा मी रिकामी ठेवली आहे. ती तेवढी आपण भरावी.

आपली विद्यार्थिनी,
एम.ए. मानसशास्त्र, द्वितीय वर्ष, पुणे